खाड्याचा हिशेब

पत्नी घरगुती डबे देऊ लागली त्याला आता १९ वर्षे झाली. आमचे घर नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि आमचे बहुतेक मेंबर म्हणजे लातूर, बीड, परभणी, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी पुण्यात आलेली मुले-मुली आहेत. सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या आणि शास्त्री रस्त्यालगतच्या अभ्यासिकांत ही मंडळी सकाळी आठला जाऊन बसतात ती रात्री अकराला उठतात, आणि मधल्या वेळात दोनदा आमचा डबा त्यांच्यापर्यंत पोहोचतो. चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्सा, वरण-भात. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण, आणि म्हणून रविवारी संध्याकाळी सुट्टी.

या सगळ्याचा हिशेब लाल कापडी पाठीच्या एका लांबट वहीत राहत असे. दर वर्षी अप्पा बळवंत चौकातून ती वही आणण्याचे काम माझे. डावीकडे नावे, पुढे ३१ घरे, प्रत्येक घर तिरप्या रेघेने दुभागलेले. वरचा अर्धा भाग सकाळच्या डब्याचा, खालचा संध्याकाळच्या. मेंबरने डबा नको म्हणून कळवले की त्या अर्ध्या घरात फुली पडायची. ही फुली म्हणजे खाडा. महिनाअखेरीस फुल्या मोजून, त्यांचे पैसे वजा करून प्रत्येकाला त्याचा आकडा सांगायचा, हे कामही माझ्याकडेच होते, आणि ४३ मेंबर असले की त्यात दोन संध्याकाळी जात.

बेरीज-वजाबाकीचा मला कधी कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो वादांचा. खाडा कळवण्याची वाट एक नव्हती. कुणी फोन करी, कुणी व्हॉट्सॲपवर लिही, कुणी डबा पोचवणाऱ्या माणसाकडे निरोप देई, कुणी जिन्यात भेटल्यावर सांगे, आणि एका मुलीने तर धुतलेल्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी ठेवून पाठवली होती, जी पुन्हा वरण भरताना सापडली. मग महिनाअखेरीस ठरलेले वाक्य ऐकू यायचे, ‘‘काकू, मी सांगितलं होतं.’’ सांगितलेले असायचेही. गेल्या जुलैत अशा एका वादानंतर मी जरा तोऱ्यातच म्हणालो, की यासाठी मी एक ॲप करतो.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. खिळे जुळवून छापण्याचा काळ सरत आला असताना या धंद्यात आलो, डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, येताना पाहिले, आणि आता पडद्यावर प्रुफे वाचतो. संगणकाशी माझा संबंध एवढाच. कोडची एक ओळही मी कधी लिहिलेली नव्हती आणि आजही मला लिहिता येत नाही. पण साध्या भाषेत सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्ता ॲप करून देते, हे एव्हाना सगळ्यांच्या कानावर आले होते. आंद्रे कारपथी या संगणकशास्त्रज्ञाने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले. कोड वाचण्याच्या भानगडीत न पडता यंत्राला काय हवे ते सांगत जायचे आणि चूक दिसली की ती उचलून परत त्याच्याच पुढ्यात टाकायची, अशी ती पद्धत. त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. कारपथी यांनी हे मुख्यतः शनिवार-रविवारच्या हौसेच्या उद्योगांपुरते म्हटले होते, ही गोष्ट मात्र शब्दाइतकी पसरली नाही.

माणसाच्या भाषेत यंत्राला आज्ञा देता यावी, ही इच्छा तशी जुनीच आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५० च्या दशकात इंग्रजी शब्दांत लिहिता येणारी फ्लो-मॅटिक ही संगणकभाषा तयार केली आणि तिचा मोठा प्रभाव असलेल्या कोबॉलची आखणी १९५९ मध्ये सुरू झाली. कचेरीतल्या माणसालाही ती वाचता यावी, असा हेतू होता. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी मी नारायण पेठेत बसून मराठीत टंकत होतो, ‘घरगुती मेससाठी ॲप करून दे. मेंबर त्यात आपले खाडे नोंदवतील.’

पाच मिनिटांत ॲप तयार झाले. नारिंगी रंग, वाफाळत्या थाळीचे चित्र, ‘ऑर्डर करा’ असे बटण, खाली पाच तारे. पत्नीने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, ‘‘हे तर हॉटेल आहे.’’ खाड्याचे तर पार सरकारी कचेरीत रूपांतर झाले होते. यंत्राने त्याचा अर्थ ‘अनुपस्थिती’ असा लावून एक अर्ज केला होता. त्यात अनुपस्थितीचे कारण, कालावधी आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव भरायचे होते, आणि भरल्यावर ‘आपला अर्ज प्रलंबित आहे’ असा संदेश येत होता. दुपारची मेथी नको असलेल्या मुलाने मंजुरीची वाट पाहायची होती.

माझा भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्याला फोन केला तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘मामा, त्याला लगेच कोड लिहू देऊ नकोस. आधी प्रश्न विचारायला सांग.’’ या एका सल्ल्याने पुढचे सगळे काम बदलले. मी तसे सांगताच यंत्राने १४ प्रश्न विचारले. ते कागदावर उतरवून घेऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टूल टाकून बसलो. पत्नी आणि तिच्या मदतीला येणाऱ्या दोघीजणी पोळ्या लाटत होत्या.

‘‘एका वेळचा खाडा वजा होतो का?’’

‘‘नाही. सलग दोन दिवस पाहिजेत.’’

‘‘म्हणजे सलग चार वेळा?’’

‘‘हो. रविवार मध्ये आला तर तीन. रविवारी संध्याकाळी डबाच नसतो ना.’’

‘‘आणि शनिवारी दोन्ही वेळा खाडा, सोमवारी दोन्ही वेळा खाडा, पण मध्ये रविवारी दुपारी फीस्टला आला तर?’’

लाटणे थांबले. ‘‘तर तो फीस्टपुरता आला. तसं नाही चालत.’’

‘‘मग काही वजा करायचं नाही?’’

‘‘नाही. पण एखादा मुंबईला परीक्षेला गेला असेल, रविवारी पहाटे परत आला असेल आणि सोमवारी पुन्हा गेला असेल, तर ते बघते मी.’’

१४ प्रश्नांच्या उत्तरांत ‘ते बघते मी’ हे वाक्य नऊ वेळा आले. पहिल्या दोन-तीन वेळा मी ते लिहूनही घेतले, मग सोडून दिले, कारण यंत्राला ते कसे सांगायचे हे मला सुचेना. त्या दुपारी उंबऱ्याशी बसल्या बसल्या मला मात्र एक गोष्ट कळली आणि तिची थोडी लाजही वाटली. १९ वर्षे मी या फुल्या मोजत होतो. फुली केव्हा धरायची आणि केव्हा सोडायची हे मला माहीतच नव्हते. ती मला वजा करायचा आकडा पेन्सिलीने समासात लिहून देत असे, आणि मी त्याची बेरीज करत असे.

दराचेही तसेच झाले. दोन वेळच्या डब्याचे महिन्याला ३,६०० रुपये. चार रविवार असलेल्या ३० दिवसांच्या महिन्यात ५६ डबे होतात, तेव्हा यंत्राने भागाकार करून एका खाड्याचे ६४.२८५७१ रुपये परत द्यायचे ठरवले. गणित बिनचूक होते. पत्नी म्हणाली, ‘‘खाडा झाला म्हणून डबा पोचवणाऱ्याचा पगार कमी होतो का? गॅस कमी जळतो का? वाचतं ते पीठ, भाजी आणि तेल. त्याचे पंचेचाळीस.’’ हे पंचेचाळीस तिने कधी, कसे काढले हे मी विचारले नाही, पण नंतर किराणा-भाजीची बिले घेऊन मी एकदा गुपचूप हिशेब मांडून पाहिला. ४४ रुपये काही पैसे आले.

या उत्तरांवरून यंत्राने जे लिहिले ते काही हजार ओळींचे होते. जुन्या सवयीने मी त्या ओळी वाचायला बसलो. न येणाऱ्या भाषेतले प्रूफही मुद्रितशोधकाला वाचता येते; मूळ प्रत शेजारी ठेवायची आणि अक्षराला अक्षर ताडत जायचे. मी असे कानडी उतारे वाचलेले आहेत. पण इथे ताडून पाहायला मूळ प्रतच नव्हती. त्या रोमन अक्षरांच्या जंगलात ओळखीचे वाटावे असे एकच होते, ते म्हणजे ‘खाडा’. त्याचा ‘अनुपस्थिती’ असा तर्जुमा करायचा नाही, असे मी बजावल्यामुळे यंत्राने तो शब्द रोमन लिपीत जसाच्या तसा वापरला होता. लातूरच्या मुलाच्या तोंडचा शब्द परदेशातल्या कुठल्याशा संगणकावर चालणाऱ्या कोडमध्ये ठिकठिकाणी बसलेला पाहून मला बरे वाटले, हे कबूल करतो.

मूळ प्रत नाही म्हणता म्हणता एक दिवस लक्षात आले की ती तर कपाटातच आहे. मी वहीतले मार्च महिन्याचे पान काढले, त्यातल्या सगळ्या फुल्या ॲपमध्ये भरल्या आणि ४३ जणांचे आकडे वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिले. ११ जुळले नाहीत. त्यांतले सहा यंत्राचे चुकले होते, आणि बहुतेक ठिकाणी गफलत रविवारची होती. तीन ठिकाणी यंत्र बरोबर होते आणि मी चुकलो होतो. त्यांतल्या एका मुलाकडून आम्ही तीन खाड्यांचे १३५ रुपये जास्त घेतले होते. तो मुलगा एव्हाना परीक्षा पास होऊन नोकरीला लागला होता. पत्नीने त्याचा नंबर शोधून त्याच दिवशी यूपीआयने पैसे पाठवायला लावले. त्याने ते परत पाठवले आणि खाली फक्त ‘काकू, फीस्ट’ असे लिहिले.

राहिलेल्या दोन ठिकाणी ना यंत्राचे चुकले होते ना माझे. वहीतला आकडा कोणत्याही नियमाने येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी होता, एकीकडे ६०० रुपयांनी, दुसरीकडे चक्क निम्म्याने. त्या दोन्ही नावांपुढे पेन्सिलीचे बारीक टिंब होते. अशी टिंबे मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो आणि पेन्सिल टेकल्याची खूण समजून दुर्लक्ष करत आलो होतो. ज्याला शिरोरेघेवरचा सुटलेला अनुस्वार दिसतो त्याला हे टिंब दिसू नये, हे जरा विशेषच.

‘‘हे काय आहे?’’ मी विचारले.

‘‘ते माझं आहे,’’ ती म्हणाली, आणि वही मिटली.

पुढचे काही आठवडे अडचणींचे गेले. पहिल्या ॲपची सगळी माहिती फोनमधल्या ब्राउझरच्या पोटातच साठत होती, हे मला ठाऊक नव्हते. फोन जागा कमी असल्याची तक्रार करू लागला तेव्हा मी ब्राउझरची साफसफाई केली आणि त्याबरोबर तीन दिवसांचे खाडेही साफ झाले. पत्नीने वही बंद केलेली नव्हती म्हणून निभावले. त्यानंतर माहिती सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकावर, ठेवायची सोय करून घेतली, तर तिथे निराळाच घोळ.

सकाळच्या डब्याचा खाडा आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचा, असा नियम आहे, कारण त्या आकड्यावर कणीक आणि भाजीचे माप ठरते. नवे ॲप सुरू झाल्यावर आठवडाभरातच पत्नी म्हणू लागली की रात्री झोपताना ४१ डबे दिसतात आणि सकाळी उठून पाहावे तर ३४. मी नोंदी उघडून पाहिल्या. सगळे खाडे मुदतीत होते. कुणी काल संध्याकाळी सातला कळवलेले, कुणी साडेआठला. ‘‘सातला?’’ ती एका नावावर बोट ठेवून म्हणाली. ‘‘सातला हा पोरगा इथे खाली उभा राहून मला सांगत होता, की उद्या मटकी द्या. त्यानं त्याच वेळी खाडा कसा टाकला?’’

त्याने तो रात्री साडेबाराला टाकला होता. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेने चालत होता आणि ती आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे रात्रीचा साडेबारा वाजलेला असताना त्याच्या लेखी आदल्या संध्याकाळचे सात वाजत होते. नऊची मुदत अशा रीतीने पहाटे अडीचपर्यंत लांबली होती, आणि आमच्या आधी हे अभ्यासिकेतल्या मुलांना कळले होते. ‘अडीचपर्यंत चालतं’ असे ती एकमेकांना सांगत असत, हे नंतर बाहेर आले. उपाय एका ओळीचा होता. ॲपला ‘आशिया/कोलकाता’ हा कालविभाग सांगायचा. भारताच्या प्रमाणवेळेला संगणकाच्या दुनियेत हेच नाव आहे.

चूक दाखवली की हे यंत्र तत्काळ ‘तुमचे अगदी बरोबर आहे’ असे म्हणते. माझ्या सगळ्या कारकिर्दीत खिळे जुळवणाऱ्या एकाही जुळाऱ्याने मला असे म्हटलेले नाही. मात्र जुळाऱ्याचा एक दोष त्यातही आहे. पूर्वी एका ओळीतले अक्षर बदलायचे तर ओळ सैल करावी लागे आणि त्यात शेजारचे दोन खिळे हलत; म्हणून दुसरे प्रूफ वाचताना दुरुस्त केलेल्या शब्दाबरोबर त्याच्या वरची आणि खालची ओळही वाचायची, असे आम्हाला शिकवले होते. यंत्राने वेळेची चूक दुरुस्त केली आणि रविवार संध्याकाळची सुट्टी गायब झाली. सुट्टी परत आणली तर ४५ चे पुन्हा ६४.२८ झाले. शेवटी मी त्याला सांगितले की मार्चच्या पानातल्या फुल्या आणि दुरुस्त केलेले ४३ आकडे स्वतःजवळ ठेव, आणि कोणताही बदल केलास की मला दाखवण्याआधी ते आकडे जुळतात का ते पाहा. भाचा म्हणाला की आमच्याकडे यालाच टेस्ट म्हणतात आणि ती लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो.

हा भाचा दिवाळीत भाऊबिजेला आमच्याकडे आला, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने ॲप त्याच्या हातात दिले. लाडू खाता खाता त्याने ते आपल्या लॅपटॉपवर उघडले. पडद्याच्या वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो त्याच्या शेवटी १७ हा आकडा होता. तो मेंबरचा क्रमांक. त्याने १७ खोडून १८ लिहिले. दुसऱ्या मुलाचे खाते उघडले. १९ लिहिले. परभणीच्या एका मुलीचे नाव, फोन नंबर, कोणत्या वाड्यात कितव्या मजल्यावर राहते ते, आणि त्या आठवड्यात ती कोणत्या दिवशी गावाला जाणार आहे ते, सगळे समोर आले. त्याने काही फोडले नव्हते, तोडले नव्हते. फक्त एक आकडा बदलला होता.

‘‘मामा, कोड बरा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मी लिहिला असता तर कदाचित याहून गचाळ लिहिला असता. पण मी लिहिला असता तर दुसऱ्या कुणीतरी तो तपासला असता.’’

ते ऐकून माझा घास अडकला. महिनाभर मी आकडे, वेळा, ऱ्हस्व-दीर्घ सगळे तपासत होतो, आणि दार सताड उघडे होते. मी यंत्राला कधी विचारलेच नव्हते की एकाचे खाते दुसऱ्याला दिसते का, आणि न विचारता ते सांगण्याची तसदी त्यानेही घेतली नव्हती. लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये देशात कायदा झाला आहे हे मी छापील मजकुरात वाचले होते, त्याची प्रुफेही तपासली होती. पण तो कायदा मोठ्या कंपन्यांसाठी असेल अशी माझी समजूत. इथे तर मुलींच्या खोल्यांचे पत्ते होते. ज्यांचे आई-बाप पत्नीच्या भरवशावर ‘काकूंकडे डबा लावलाय’ एवढ्या एका वाक्यात निश्चिंत होतात, त्या मुली. त्या रात्री भाचा दीड वाजेपर्यंत बसला. प्रत्येकाने आपल्या ईमेलने आत यायचे आणि ज्याची नोंद त्यालाच दिसेल असा नियम थेट सर्व्हरवरच घालायचा, हे त्याने यंत्राकडूनच करून घेतले. फरक एवढाच की काय मागायचे ते त्याला ठाऊक होते. कोड न येता ॲप करता येते का, असे कुणी मला आता विचारले तर मी हो म्हणतो, पण ही १७ चे १८ केल्याची हकिकत सांगितल्याशिवाय म्हणत नाही.

एक चूक मात्र माझी हौस म्हणून घडली. मेंबरांची यादी अकारविल्हे लागत होती आणि संगणकाच्या हिशेबात ‘ज्ञ’ हा ज, हलन्त आणि ञ यांचा जोड असल्यामुळे ज्ञानेश्वर नावाचा मुलगा ज च्या नावांमध्ये बसत होता. आपल्या वर्णमालेत ज्ञ शेवटी. शाळेच्या हजेरीतही तो शेवटी असे. हे बदलून घ्यायला मी यंत्राशी दोन संध्याकाळी हुज्जत घातली आणि ज्ञानेश्वरला तळाशी नेऊन बसवले. पत्नीने यादी पाहिली आणि म्हणाली, ‘‘अकारविल्हे कशाला? डबे रस्त्याच्या क्रमाने जातात.’’ वहीतही नावे तशीच होती. आमच्या दारापासून निघून, वाडे आणि इमारती ज्या ओळीने लागतात त्या ओळीने. हेही मी १९ वर्षे पाहिले होते.

ॲप प्ले स्टोअरवर ठेवण्याची काही गरज नव्हती. दुव्यावरून फोनच्या पडद्यावर चिन्ह आणून ठेवता येते आणि तेवढ्याने काम भागते, असे भाचा म्हणत होता. पण आपले नाव तिथे दिसावे, ही इच्छा मला आवरेना. गुगल नोंदणीचे २५ डॉलर एकदाच घेते. मात्र २०२३ च्या नोव्हेंबरनंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आधी काही लोकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी २० जण लागत, २०२४ च्या अखेरीस ती अट १२ वर आली. मोठमोठ्या हौशी लोकांचे इथेच अडते म्हणे, कारण १२ माणसे सलग १४ दिवस आपले ॲप वापरणार कुठून? आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. पत्नीने डब्यांबरोबर निरोप धाडला आणि ३८ जण आले. यंत्राच्या वर्गणीचे महिन्याला दोनेक हजार रुपये जात होते, त्यावर ती एकदा म्हणाली होती की त्यात थोडीच भर घातली की तेलाचा डबा आला असता. पण ॲपवर ‘खाडा’ हे नाव झळकले तेव्हा शेजारणींना तिनेच आधी दाखवले.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत अडली होती. महिन्याच्या आकड्यातून काही रक्कम कमी करता यावी, म्हणून मी ‘सूट’ असा एक रकाना करून घेतला होता. यंत्राने त्याच्याजवळ आपण होऊन ‘कारण’ असा दुसरा रकाना जोडला आणि तो रिकामा ठेवला की तांबड्या अक्षरांत ‘ही माहिती आवश्यक आहे’ असे येऊ लागले. मला ते योग्य वाटले. नोंद असावी, पाच वर्षांनी कुणी विचारले तर सांगता यावे. पत्नीने ती तांबडी ओळ पाहिली आणि म्हणाली, ‘‘कारण लिहायचं नाही.’’

‘‘अगं, हिशेब आहे.’’

‘‘ती पोरं बघतात ना आपापलं खातं? मग काय लिहिणार त्यात? वडील गेले म्हणून?’’

मी यंत्राला तो रकाना काढायला सांगितले. हिशेबाच्या पारदर्शकतेसाठी कारण नोंदवणे चांगले असते, असे त्याने समजावले. मी पुन्हा सांगितले, त्याने पुन्हा समजावले. तिसऱ्यांदा ते ‘तुमचे अगदी बरोबर आहे’ म्हणाले आणि रकाना गेला.

जानेवारीत मी सवयीने नवी वही आणली. आणू नका असे ती म्हणाली नाही. त्यात नावे लिहिलेली आहेत, रस्त्याच्या क्रमाने, आणि पुढची ३१ घरे मोकळी आहेत, कारण फुल्या आता ॲपमध्ये पडतात. काही नावांपुढे टिंबे आहेत. परवा महिनाअखेरीस आम्ही रात्रीची भांडी आवरल्यावर बसलो. ती वहीतून वाचत होती, मी फोनमध्ये भरत होतो.

‘‘बीडच्या त्या दोघी बहिणी आहेत ना, त्यांतल्या एकीचे नऊशे कमी करा.’’

‘‘कुणाचे?’’

‘‘धाकटीचे. थोरलीला कळायला नको, ती लगेच आणून देईल.’’

मी धाकटीचे खाते उघडले, ‘सूट’ या रकान्यात जाण्याआधी एकदा नाव नीट वाचले, ९०० लिहिले आणि ‘जतन करा’ दाबले.

‘‘थोरलीच्या फोनवर दिसणार नाही ना?’’

‘‘नाही. आता नाही दिसत.’’

‘‘मग पुढचं घ्या,’’ ती म्हणाली आणि वहीचे पान उलटले.